पहिल्या दिवशी टेप नाही

माझी इन्शिराहमावशी कुणाच्याही घरी पहिल्या दिवशी टेप घेऊन जायची नाही. कोचाची, खुर्च्यांची कव्हरं शिवायचा तिचा धंदा, आणि मापाची टेप मात्र घरी दाराशेजारच्या खिळ्याला लटकलेली. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो बाई, तुम्ही माप घ्यायला आलात ना? ही म्हणायची, नाही, आज चहा प्यायला आले. मग बसायची. तिला कुठल्या खुर्चीवर बसवतात ते बघायची. घरातला बाप्या कामावरून आला की कुठे अंग टाकतो, पोरं कुठल्या हातावर घोडा घोडा खेळतात, मांजर कुठला कोपरा ओरबाडतं, सासूबाई कुठे बसतात आणि सून कुठे बसायचं टाळते. चार चमचे साखरेचा चहा प्यायची आणि उठून यायची. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन जायची, तेव्हा मात्र सुतार परवडला. अर्धं बोटसुद्धा इकडचं तिकडे होऊ द्यायची नाही.

मी लहानपणी विचारलं होतं, दोन खेपा कशाला घालतेस, एकीतच उरकून टाक की. तर म्हणाली, "टेप हातात असली की माणूस कोचाची लांबी बघतो. कोच बघत नाही."

मी सहावीत शाळा सोडली, त्यामुळे माझं शिक्षण म्हणाल तर हे असं. कैरोवाले आम्हा समुद्राकडच्या दुम्यात गावच्यांना कंजूष म्हणतात, म्हणोत बापडे. शिकवताना मावशीने कधी कंजुषी केली नाही. आई मी दोन वर्षांची असताना गेली. तेव्हा मावशी तिच्या सासरहून परत येऊन आमच्याच घरी राहिली होती, ती राहिलीच. तिला जाऊन अजून चाळीस दिवस झालेले नाहीत. घरात येणारा जाणारा तिचं काही ना काही सांगतो, कुणी बदकाचं सांगतं, कुणी भांडणाचं. माझ्या लग्नाचं खरं कुणालाच नीट माहीत नाही, ते मी सांगते.

आधी तिचा दुसरा धंदा सांगायला हवा. त्याला धंदा तरी कसं म्हणू, त्याचं तिने कधी काही घेतलं नाही. आमच्याकडे मुलगा मागणी घालायला आला की फातिहा वाचून लग्न पक्कं करायच्या आधी त्याची चौकशी करायची असते. गल्लीत, कारखान्यात, भाकरीच्या रांगेत. ज्यांच्या घरी असं काही असेल ते मावशीकडे यायचे. कारण चौकशीला कुणीही जाऊ शकतं, पण आणणार काय? आमच्या गल्ल्यांमध्ये कुणी कुणाबद्दल वाईट सांगत नाही. जुळत आलेलं लग्न आपल्या तोंडाने मोडलं तर ते आपल्या मुलींच्या मुळावर येतं असं सगळे मानतात. म्हणून जो तो सांगतो, चांगली माणसं आहेत हो, त्यांच्या घरातून कधी आवाज ऐकला नाही.

मावशीच्या स्वतःच्या वेळी आजोबांनी जाऊन हेच ऐकलं होतं. कधी आवाज ऐकला नाही. आणि गल्ली खोटं बोलली नव्हती. तो माणूस बोलतच नसे. मारायचा नाही, दारू नाही, काही नाही. अकरा महिने तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि त्याने जेवून हात धुतले. अकराव्या महिन्यात मावशीने शिवणयंत्र हातगाडीवर घातलं आणि घरी आली. म्हणायची, "त्याच्यापेक्षा यंत्र बरं, पाय मारला की निदान खडखडतं तरी."

तेव्हापासून तिने ठरवलं होतं की लोकांच्या उत्तरांवर जायचं नाही. मुलाच्या गल्लीत पहिल्या दिवशी ती काही विचारायचीच नाही. नुसती जाऊन बसायची, कोच बघायला बसायची तशी. काय शोधतेयस विचारलं तर म्हणायची, मला माहीत असतं तर आले कशाला असते. दुसऱ्या दिवशी मग तिच्याकडे नेमके प्रश्न असायचे, किती वाजता, किती वेळा, कुणाबरोबर.

तर मी सव्वीस वर्षांची होते. आमच्याकडच्या बायकांच्या मते आंबायला लागलेली. बाबा पॉलिशचं काम करायचे, आणि त्यांच्याकडे खुर्च्यांचे कोरलेले पाय घेऊन एक कारागीर यायचा, वगीह. हातात पायांची मोळी आणि चेहऱ्याच्या एकाच बाजूने हसायचा. पॉलिशचा डबा कुठे आहे हे बाबांना माहीत असताना तो मला विचारायचा. मीही सांगायचे, दर वेळी वेगळ्या जागी आहे म्हणून. असं सात-आठ महिने चाललं. मग एका गुरुवारी तो त्याच्या आईला, तफीदाबाईंना, घेऊन आला, सोबत किलोभर मुशब्बक. जिलबीच ती, फक्त आमच्या हाताची. बाबांनी रीतीप्रमाणे सांगितलं की आठ दिवस द्या, येत्याच्या पुढच्या शुक्रवारी कळवतो.

मला तो हवा होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि मावशीला सांगायची गरज नव्हती. पण मावशी नाही म्हणाली तर बाबा नाहीच म्हणणार, हे आमच्या घराच्या भिंतींनाही ठाऊक होतं. बाबांनी एकदाच स्वतःच्या मनाने निर्णय घेतला होता, तेव्हा घराला हिरवा रंग लागला होता.

आमच्या वरच्या मजल्यावर इसरा राहायची, कॉलेजात समाजशास्त्र शिकणारी. तिला निबंध लिहायचा होता, लग्नाआधी लोक चौकशी कशी करतात यावर. तिला आयतंच सापडलं. ती बत्तीस प्रश्नांचा छापलेला कागद घेऊन खाली आली आणि मावशीला म्हणाली, मावशी, या खेपेला मीपण करते, बघू दोघींचं काय निघतं. मावशीने कागद हातात घेतला. तिला वाचता यायचं नाही, पण तिने तो वरून खाली नीट बघितला, कापड बघावं तसा. मग विचारलं की हे चौकोन कशाला?

इसराने सांगितलं की संशोधनाच्या दोन तऱ्हा असतात. एक शोधक, म्हणजे आपल्याला अजून काय विचारायचं तेच माहीत नसतं, म्हणून नुसतं धुंडाळत फिरायचं. दुसरी वर्णनात्मक, म्हणजे काय विचारायचं ते कळलेलं असतं, मग ते किती आहे, कसं आहे, कुणाकडे आहे ते मोजून नीट मांडायचं. हे चौकोन दुसऱ्या तऱ्हेचे. मास्तरांनी सांगितलंय की पहिली झाल्याशिवाय दुसरी करू नये, पण निबंध महिन्याअखेर द्यायचाय.

मावशी सुई दातात धरून ऐकत होती. सुई काढून म्हणाली, "म्हणजे चार वर्षं कॉलेजात जाऊन तू माझी टेप शिकून आलीस. आणि तीही दुसऱ्या दिवसापासून."

इसराला राग आला नाही. तिने ते कागदाच्या मागे लिहून घेतलं.

इसरा दोन दिवसांत वगीहच्या गल्लीतली वीस घरं करून आली. पाय सुजले होते पण तोंड फुललेलं. वीसच्या वीस घरांनी सांगितलं होतं, मुलगा कष्टाळू, आई देवमाणूस, बाप सात वर्षांमागे वारला, घरात दोघंच, कधी आवाज ऐकला नाही. सगळे चौकोन एकाच बाजूला भरलेले. मला तो कागद इतका आवडला की मी म्हटलं भिंतीला लावूया. मावशी म्हणाली, "वीस घरांनी एकच उत्तर दिलं म्हणजे वीस उत्तरं झाली नाहीत बाळा. उत्तर एकच आहे, वीसदा ऐकलंस. कुणीतरी शिकवलेलं."

इसरा म्हणाली, किंवा खरं असेल म्हणून सारखं असेल. मावशी म्हणाली की खरं कधी इतकं सारखं नसतं, माझ्याच बद्दल या गल्लीत विचार, तीन घरात तीन इन्शिराह निघतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी निघाली. हातात बुरख्यासारखा काळा अबाया, इस्त्रीला टाकायचा बहाणा. वगीहच्या गल्लीच्या तोंडाशी फिक्रीकाकांचं इस्त्रीचं दुकान, जुन्या पद्धतीचं. मोठी लोखंडी इस्त्री, वर पाय ठेवून ढकलायची, आणि तोंडाने पाण्याचा फवारा मारायचा. मावशीचं म्हणणं होतं की गल्लीची खबर न्हाव्याला नसते, न्हाव्याकडे माणूस तोंडाने बोलतो. इस्त्रीवाल्याकडे कपडे येतात आणि कपड्यांना शपथ घालता येत नाही.

ती गेल्यावर मी दार लावायला आले तर खिळा रिकामा. टेप नव्हती. मला तेव्हा नुसतं वाटलं की कुठल्या कोचाला जाणार असेल येताना.

दुपारी ती आली. जेवली, हात धुतले आणि मग सांगितलं. फिक्रीकाकांकडे तफीदाबाईंच्या घरचं गाठोडं होतं. दोन सदरे, एक पँट, वगीहच्या मापाची. आणि एक पायघोळ झब्बा. पांढरा, जुना, रुंद गळ्याचा, ज्यात दोन वगीह मावतील. घरात पुरुष एकच, तर झब्बा कुणाचा?

इथवर ती तिच्याच रीतीने गेली होती. नाही कोण म्हणेल? पण पुढे काय केलं बघा. दुसऱ्या दिवशी गेली आणि सात बायकांना गाठून एकच प्रश्न विचारला, तफीदाबाईंकडे कुणी पाहुणा असतो का हो? सातही जणींनी मान वळवली. एकीला अचानक दूध उतू गेल्याचं आठवलं, तिच्या घरात त्या दिवशी चूलसुद्धा पेटली नव्हती. मावशी घरी आली आणि बाबांना म्हणाली की तफीदाने गुपचूप निकाह लावलाय. घरात लपवलेला पुरुष आहे. सातात सात. जी आई नवरा लपवते तिचा मुलगा उद्या काय काय लपवील?

बाबा म्हणाले, शुक्रवारी नमाजानंतर सांगून टाकतो की नशिबात नाही.

हे मंगळवारी झालं. मी रडले नाही. मी भांडी घासली. घासून झालेली परत घासली. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, पोरी, तळ जाईल त्या पातेल्याचा. मी म्हटलं जाऊ दे.

बुधवारी जिन्यात इसरा भेटली. मी तिला सांगितलं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली की सातजणींनी नजर चुकवली हे मावशीने छान मोजलं, पण नजर चुकवण्याचं कारण तिने मोजलेलं नाही, ते तिने घरूनच नेलं होतं. मी म्हणाले घरून कसं? आणि म्हणता म्हणता मला तो खिळा आठवला.

मी तशीच घरात आले. मावशी यंत्रावर होती. मी म्हटलं, "त्या सकाळी तू टेप घेऊन गेलीस. पहिल्याच दिवशी."

यंत्र थांबलं. तिने सुईखालचं कापड सरळ केलं. म्हणाली की तुझ्या वेळी नुसतं बसायला जमेना. चहा समोर होता आणि हात पर्समध्ये टेपेवर होता. वाटत होतं की आत काही वाईट आहे, ते मला सापडलंच पाहिजे, नाही सापडलं तर मागच्यासारखं होईल. मग सापडलं.

नंतर म्हणाली, "तू जा. मला आता तिथे काही दिसणार नाही. काही विचारू नकोस, नुसती बस. आणि साखर कमी घे, फिक्री मोजतो."

गुरुवारी मी बाबांचा झब्बा घेऊन फिक्रीकाकांच्या दुकानात गेले. चोळामोळा करूनच नेला, म्हणजे वेळ लागावा. आयुष्यात पहिल्यांदा अशी बसले होते, काय करायचं तेच कळेना. काकांनी माझ्याकडे बघितलं, बाबांच्या झब्ब्यावरच्या पॉलिशच्या डागाकडे बघितलं आणि चहा मागवला. मी बसले. विचारायचं नाही म्हटल्यावर प्रश्न घशाशी यायला लागले, ते चहाबरोबर गिळले. काकांच्या डाव्या पायाची टाच घासत जायची, सर्र, सर्र, आणि इस्त्री धप्प. तासाभराने त्यांनी एक पांढरा झब्बा घडी करून वर ठेवला. रुंद गळ्याचा. मी बघितलं आणि मान वळवली. तेव्हा कळलं की मान वळवायला वाईटच काही माहीत असावं लागतं असं नाही.

मग काका आपल्या गुडघ्याला हात लावून म्हणाले, "पोरी, माझा पाय आज ऐकत नाही. तुझा झब्बा होईपर्यंत एवढा त्या तिसऱ्या दारात देतेस?"

त्या माणसाने बेचाळीस वर्षं पायाने इस्त्री केली होती आणि पंधरा पावलांना त्याचा पाय ऐकत नव्हता. मी झब्बा घेतला.

तिसरं दार लोटलेलं होतं. वाजवलं तर आतून आवाज आला, ढकल, उघडंच आहे. खाली एकच खोली. खिडकीशी खुर्चीवर एक थोराड म्हातारा बसलेला, मांडीवर खुर्चीचा कोरलेला पाय, आणि त्यावरून अंगठा फिरवत होता. डोळे पांढरे. मी पाऊल टाकलं तर म्हणाला, "फिक्री नाही. फिक्रीची टाच घासते. कोण?"

मी म्हटलं झब्बा आणलाय.

म्हणाला ठेव तिथे आणि इकडे ये. त्याने माझा हात धरून अंगठा त्या लाकडावर ठेवला. वेल कोरलेली, दोन बाजूंना दोन पानं. विचारलं की डावीकडचं पान जाड लागतंय ना? मी अंगठा फिरवला. लागत होतं. मी हो म्हटलं तसा खूश झाला. म्हणाला की वगीहला सकाळपासून सांगतोय, तर म्हणतो, उस्ताद, ठीक आहे, कोण बघतंय. बघणाऱ्यांसाठी नाही रे बाबा, बसणाऱ्याची पाय हलवताना पोटरी घासते त्याच्यासाठी आहे.

मी म्हटलं, "माझे बाबा म्हणतात जाड पानावर पॉलिश साठतं."

"म्हणणारच. तुझा बाप चांगला कारागीर आहे, फक्त रंगाचं त्याला कळत नाही. घराला हिरवा लावला होता ना?"

मी अंगठा लाकडावरून काढून घेतला. म्हातारा गालात हसत होता. पुढे म्हणाला की तू रबाब. भांडी दोनदा घासतेस. मावशीला चहात चार चमचे साखर लागते, खोटं बोलताना ती डोक्यावरचा रुमाल सारखा करते, आणि परवा तिने तो सात वेळा सारखा केला.

मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तर म्हणाला, "फिक्रीने. कधीपासून त्याला तुमच्या गल्लीत पाठवतोय. मुलगी आणायची म्हणजे आम्ही चौकशी करायची नाही?"

म्हणजे मावशी फिक्रीकाकांकडे बसून त्यांच्या घराची माहिती काढत होती, तेव्हा फिक्रीकाका तिला चहा पाजून आमच्या घराची काढत होते. दोघांनी एकमेकांना एक शब्द विचारला नव्हता.

मग त्याने सांगितलं. उस्ताद मितवल्ली त्याचं नाव. वगीहला पटाशी धरायला त्यानेच शिकवलेलं. बायको गेली, मूल नव्हतं, आणि चार वर्षांमागे डोळे गेले. तेव्हा वगीह येऊन त्याची खुर्ची उचलून घेऊन गेला, म्हणाला, उस्ताद, खुर्ची माझ्या घरी चाललीय, तुम्हाला उभं राहायचं असेल तर रहा. त्यानंतर वगीहची दोन ठिकाणी लग्नं जुळता जुळता मोडली. मुलीकडच्यांना कळलं की घरात नात्याचा ना गोत्याचा आंधळा म्हातारा आहे आणि त्याचं सगळं सुनेला करावं लागणार. तिसऱ्या खेपेला वगीह सांगून टाकू म्हणत होता. पण उस्तादनेच गल्लीतल्या घराघरात निरोप पाठवून सगळ्यांना शपथ घातली, फातिहा होईपर्यंत मी या गल्लीत राहत नाही म्हणून. वगीहला म्हणाला, तू सांगितलंस तर मी उठून रस्त्यावर जाऊन बसेन. म्हणून तो गप्प.

"तुझ्या मावशीला वाटलं तफीदाने नवरा केला," म्हातारा म्हणाला. "फिक्रीने सांगितलं. तफीदा तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही. म्हणते, करायचाच असता तर बघता येणारा केला असता."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी खाली बसले. आणि बसल्यावर डोकं स्वच्छ झालं. मावशीच्या हाताखाली चोवीस वर्षं काढलेली होती, वाया कशी जातील? आता काय विचारायचं ते मला माहीत होतं. मी विचारलं, रात्री किती वेळा उठवावं लागतं? म्हातारा चमकला. म्हणाला दोनदा, थंडीत तीनदा. कोण उठवतं? वगीह. आंघोळ? वगीह, सोमवारी आणि शुक्रवारी. कपडे? तफीदा धुते, फिक्री इस्त्री करतो. जेवता किती? म्हणाला, कांदे भरलेलं बदक असेल तर सगळं, नाहीतर अर्धं. चिडता का? खूप. कशावर? जाड पानावर. मी सगळं विचारून घेतलं, अर्धं बोटसुद्धा सोडलं नाही. शेवटी तो म्हणाला की हिच्यापेक्षा ती बत्तीस प्रश्नांची पोर बरी होती.

निघताना वगीह दारात आला, हातात भाकऱ्या. मला बघून एका बाजूचं हसूही विसरला. मी म्हटलं, डावीकडचं पान जाड आहे, आणि निघाले. फिक्रीकाकांचा पाय तोवर बरा झाला होता, बाबांचा झब्बा तयार होता.

घरी मावशी दारातच उभी होती. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. सात वेळा रुमाल सारखा केल्याचं ऐकून तिचा हात पुन्हा रुमालाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. मग ती हसायला लागली, इतकी की तिला पाण्याचा पेला द्यावा लागला. हसता हसता डोळे पुसत होती आणि म्हणत होती, फिक्री, मेल्या, फिक्री. मग एकदम गंभीर झाली. मला विचारलं, "रात्री दोनदा उठायचं, थंडीत तीनदा. आज वगीह उठतो. तो आजारी पडला तर तू उठशील? मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

मी म्हटलं उठेन. चिडचिड करत उठेन, पण उठेन. तिने माझ्याकडे पाहिलं, माझा हात कुठे रुमालाकडे जातोय का बघितलं. नव्हता जात.

मग ती बाबांकडे गेली आणि म्हणाली, मी चुकले. बाबांनी ब्रश खाली ठेवला. म्हणाले, पुन्हा म्हण, मला नीट ऐकू आलं नाही. ती म्हणाली नाही. बाबा म्हणाले, बरं, निदान कॅलेंडरवर खूण करतो.

शुक्रवारी बाबांनी नकार कळवला नाही. होकारही कळवला नाही, कारण मावशी म्हणाली की आठवडाभर थांबा, मला एकदा तिथे जायचंय. शनिवारी ती गेली. खिळ्यावर टेप होती, मी मुद्दाम बघितलं. उस्तादच्या खोलीत नुसती बसून आली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काय भांडखोर माणूस आहे, आणि तिच्या तोंडावर असं काही होतं की जणू अकरा महिन्यांच्या गप्प माणसाची भरपाई मिळाली. रविवारी टेप घेऊन गेली आणि त्याच्या खुर्चीचं माप घेतलं. कव्हर शिवलं ते डाव्या हाताला दुप्पट कापूस घालून, कारण तो तिथे लाकूड टेकवून अंगठा फिरवायचा. पुढच्या शुक्रवारी फातिहा झाली. उस्तादने अंगठ्याने कव्हरची शिवण तपासली आणि सगळ्यांदेखत सांगितलं की चौथा टाका ढिला आहे. होताही.

इसराच्या निबंधाला चांगले गुण पडले. तिने तो वीस घरांचा कागद तसाच जोडला आणि खाली लिहिलं की हे उत्तर एकच आहे. मास्तरांनी विचारलं की हे तुला कसं सुचलं, तर म्हणाली, खालच्या मजल्यावरून.

लग्नानंतर उस्ताद आमच्या घरी आणखी सहा वर्षं होता. हिवाळ्यात रात्री तीनदाच उठायचा, त्याने खोटं सांगितलं नव्हतं. मावशी दर आठवड्याला यायची आणि दोघं भांडायची, कापसावरून, कांद्यावरून, कुणी आधी कुणाची माहिती काढली त्यावरून. तो गेला तेव्हा ती त्याच्या खुर्चीचं कव्हर काढून घरी घेऊन गेली, म्हणाली, चौथा टाका घालायचा राहिलाय.

मावशी एका बुधवारी गेली, यंत्रापाशीच. तिसऱ्या दिवशी मंडपात बायका बसल्या होत्या आणि बाहेरून मला आवाज आला, सर्र, सर्र. फिक्रीकाका. आता काठी आहे हातात. दुसऱ्या हातावर मावशीचा काळा अबाया, घडी घातलेला. म्हणाले की सोमवारी टाकून गेली होती.

मी विचारलं, काका, सोमवारी काय म्हणत होती? म्हणाले, काही नाही. तासभर बसली, चहा प्यायली, रस्त्याकडे बघत होती. मी म्हटलं काहीच विचारलं नाही तिने? म्हणाले, एक शब्द नाही. मीसुद्धा तेच विचारायला आलोय, कुणाच्या घराचं चाललं होतं?

मी वळून दाराकडे बघितलं. टेप खिळ्याला होती.

म्हणजे सोमवार पहिला दिवस होता. कुणाच्या मुलीसाठी गेली होती, कुठल्या घराकडे बघत होती, तिला काय दिसलं, मला ठाऊक नाही. बाबांना विचारलं, इसराला फोन करून विचारलं, कुणालाच नाही. फिक्रीकाका रोज दुकानात बसून रस्त्याकडे बघतात, ती बघत होती तिथे. परवा मला इकडे बाबांच्या घरी सांगून पाठवलं की अजून काही कळलं नाही, पण त्या बाजूला एक हिरवा दरवाजा आहे, तिथला माणूस कधी कुणाशी बोलताना दिसत नाही.

मी उद्या जाणार आहे. वगीहचा सदरा चुरगळून ठेवलाय. टेप तिथेच राहू दे.